डायनिंगच्या खुर्चीची सीट सारखी सारखी का बसते?

खुर्चीवर माणसानं बसायचं असतं, सीटनं नाही. आमच्याकडे मात्र पाच वर्षांत तीनदा सीटच बसली. सहा सागवानी खुर्च्या, सासऱ्यांनी 1987 साली सुताराकडून करून घेतलेल्या. चौकटी अजून खणखणीत, दुखणं फक्त बसायच्या जागेचं. नवं कापड लावलं की चार-सहा महिने झकास. मग मधोमध खळगा पडतो, मग पुढची कड मांडीला टोचायला लागते, आणि एक दिवस सासूबाई विचारतात, "अगं, मी खुर्चीत बसलेय की घमेल्यात?"

पहिल्यांदा दारावर आलेल्या सोफा दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलं, दुसऱ्यांदा दुकानात टाकलं, तिसऱ्यांदा हौसेनं घरीच केलं. तिन्ही वेळा कापडाचा रंग ठरवण्यात आमचे दोन-दोन रविवार गेले. सीटच्या पोटात काय आहे ते बघायला दोन मिनिटं कुणी दिली नाहीत. गेल्या जानेवारीत चौथी वेळ आली तेव्हा मी कापडाच्या दुकानात गेलेच नाही. जुनी चादर पसरली, खुर्ची टेबलावर उलटी टाकली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले.

बहुतेक डायनिंग खुर्च्यांची सीट चौकटीत नुसती ठेवलेली असते आणि खालून चार स्क्रूंनी धरलेली असते. स्क्रू काढले की अख्खी सीट ताटासारखी हातात येते. मात्र काढण्याआधी एक करा. प्रत्येक सीटच्या खाली आणि तिच्या खुर्चीच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं एकच आकडा टाका. सुताराच्या हातच्या सहा खुर्च्या दिसायला एकसारख्या असल्या तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतोच. आमच्या सीटखालचं काळं पातळ कापड फाडलं तेव्हा प्लायवर जुन्या सुतारानं कोरलेल्या खुणा सापडल्या, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. मधल्या दोन कारागिरांनी त्याकडे बघितलंच नव्हतं. तीन रेघांची सीट पाच नंबरच्या खुर्चीत ठोकून बसवली होती आणि त्या खुर्चीचा मागचा सांधा का उकलला, ते मला त्या दिवशी कळलं.

आता दोष नेमका कुठे आहे ते बघायचं. सीट दोन पाटांवर अशी ठेवा की फक्त दोन कडा टेकतील आणि मधला भाग अधांतरी राहील. एक तळवा वरून मधोमध जोरात दाबा, दुसरा हात खालून प्लायला लावा. वरचा तळवा थेट लाकडाला जाऊन टेकला आणि खालचा प्लाय ढिम्म असेल, तर फोम गेलाय. खालच्या हाताला प्लाय वाकल्यासारखा लागला, तर प्लाय गेलाय. करकर असा आवाज आला तर प्लायचे थर सुटलेत. आमच्या सहापैकी चारांचा फक्त फोम गेला होता. दोघांचा प्लायही गेला होता. त्या दोन खुर्च्या टेबलाच्या ज्या बाजूला आम्ही पाण्याचा जग ठेवतो त्या बाजूच्या. याहून जास्त तपास करायची गरज पडली नाही.

फोमचं वजन करा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दुकानात आपण काय करतो? फोम बोटांनी दाबतो, "कडक आहे" म्हणतो आणि घेतो. पण कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. 32 घनता म्हणजे घनमीटरला 32 किलो, 40 म्हणजे 40 किलो. हलका, कमी घनतेचा फोमसुद्धा कारखान्यात कडक करता येतो. असा फोम दुकानात बोटाला छान लागतो आणि घरी सहा महिन्यांत मान टाकतो. फोम किती दिवस टिकेल ते बहुतांशी घनतेवर ठरतं, आणि घनता बोटाला कळत नाही. ती तराजूला कळते.

म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. 18 इंच लांब, 18 इंच रुंद आणि 2 इंच जाड तुकडा असेल तर दर 10 घनतेमागे साधारण 106 ग्रॅम धरायचे. म्हणजे 32 घनतेचा तुकडा 340 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, 40 चा 425 च्या आसपास. मी जुना फोम गुंडाळला, रबरबँड लावला आणि काट्यावर ठेवला. 205 ग्रॅम. घनता निघाली जेमतेम 19, आणि आम्हाला देताना छातीठोकपणे "32 आहे" असं सांगितलं होतं. माप वेगळं असेल तर लांबी, रुंदी, जाडी इंचात गुणा, आलेल्या आकड्याला 16.4 नं गुणा म्हणजे घन सेंटिमीटर मिळतील. मग ग्रॅमना त्यानं भागून हजारानं गुणलं की घनता आली. शाळेत हे गणित कंटाळवाणं वाटायचं. दुकानदारासमोर मोबाइलवर करताना अजिबात वाटत नाही.

वजन वाढवायला फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळायचीही पद्धत आहे, त्यामुळे एकट्या काट्यावर भिस्त ठेवू नका. कापलेली कड काळ्या कापडावर घासून बघा. पांढरी पूड पडली तर तो तुकडा तिथेच ठेवून यायचा.

रोज जेवायला बसायच्या खुर्चीला 40 घनतेच्या खाली जाऊ नका. मी दोन थर केले. खाली एक इंच रीबॉन्डेड फोम, वर दीड इंच 40 घनतेचा. रीबॉन्डेड म्हणजे फोमच्या रंगीबेरंगी तुकड्यांचा भुगा चिकटवून केलेली लादी. नुसत्या त्याच्यावर बसलं तर दगड वाटतो, पण खालच्या थराला उत्तम, कारण वजन पडलं तरी माणूस प्लायला टेकत नाही. फक्त उंची मोजून घ्या. जेवायच्या टेबलाची उंची साधारण 30 इंच असते आणि खुर्चीची बसायची उंची 17 ते 18 इंच. फोमची हौस करून सीट 20 वर नेलीत तर गुडघे टेबलाच्या पट्टीला आपटतात. आमच्या एका नातलगांकडे तसं झालंय. त्यांच्याकडे जेवायला बसलं की सिंहासनावर बसल्यासारखं वाटतं आणि ताट पायाशी असल्यासारखं.

फोम प्लायपेक्षा चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर मोठा कापायचा, म्हणजे कडा भरीव येतात. स्वयंपाकाच्या सुरीनं फोम कुरतडला जातो. कटरचं पातं पूर्ण बाहेर काढून, फोम न दाबता, हलक्या हातानं एकाच रेषेत तीन-चारदा फिरवा. हॅक्सॉचं नवं पातं मिळालं तर आणखी बरं.

प्लाय, आणि प्लाय नसेल तर नवार

प्लायबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाकलेला, फुगलेला, थर सुटलेला प्लाय सरळ बदलायचा. त्यात फेव्हिकॉल भरून शिकंज्यात दाबायचा उद्योग मी केला होता, पावसाळ्यापुरता टिकला. 12 मिलिमीटरचा घ्या. जुन्या प्लायवरून पेन्सिल फिरवून आकार काढा. साधा कमर्शियल प्लाय ओलीत टिकत नाही. आयएस 710 (हे भारतीय मानक) चा शिक्का असलेला मरीन प्लाय महाग पडतो, पण सहा सीटना लागतो तो किती? सुताराकडे कपाटाच्या कामातले उरलेले तुकडे असतात, विचारून बघा. पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची सीट असेल (हल्लीच्या तयार खुर्च्यांत सर्रास असते) तर तिच्यावर चांगला फोम वाया घालवू नका, आधी बोर्ड काढून प्लाय घाला.

नव्या प्लायला 10-12 मिलिमीटरची पाच भोकं पाडून घ्यायला मात्र विसरू नका, मधोमध एक आणि चार बाजूंना चार. रेक्झिनमधून हवा जात नाही. माणूस बसला की फोममधली हवा कुठून तरी बाहेर पडायला बघते. वाट नसली की ती शिवणीवर आणि पिनांवर जोर देते. बसल्या-बसल्या "फुस्स" असा पाहुण्यांसमोर खाली मान घालायला लावणारा आवाज येतो, तोही याच कारणानं.

काही जुन्या खुर्च्यांत प्लाय नसतोच, लाकडी चौकटीवर नवार, म्हणजे खाटेला लावतात ती जाड विणलेली पट्टी, ताणलेली असते. सीट लोंबत असेल आणि खालून उभ्या-आडव्या पट्ट्या दिसत असतील तर फोमला दोष देऊ नका, नवार सैल पडलीय. ती पुन्हा ओढून ठोकण्यात अर्थ नाही, नवीन घ्या. टोक दुमडून दुहेरी करून चुका मारायच्या, एकेरी टोक धाग्यांतून निसटतं. दुसऱ्या बाजूनं ओढताना नुसत्या हाताचा जोर पुरत नाही. वीतभर लाकडी तुकड्याला नवारीचा एक वेढा द्या, तुकडा चौकटीच्या बाहेरच्या कडेला टेकवा आणि तरफेसारखा खाली दाबा. ताणलेली पट्टी बोटानं छेडली की टणकन वाजली पाहिजे. मग आडव्या पट्ट्या उभ्यांमधून एक वर, एक खाली अशा विणायच्या, खाटेसारख्या.

रेक्झिनचे पोपडे

दुसऱ्या वेळी दुकानातून करून आणलेल्या सीटा दिसायला चामड्यासारख्या मऊ होत्या. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले. पांढऱ्या विजारींना तपकिरी कण चिकटायला लागले. मी पुसायच्या फडक्याला, मुलांच्या घामाला, फिनेलला, सगळ्यांना दोष दिला. एक सीट तर आम्ही बॅगेत घालून माळ्यावर ठेवली होती, जादा म्हणून. तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं. तीही सोलली.

कारण असं की, बाजारात रेक्झिन म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एकाच्या कापडावर पीव्हीसीचा थर असतो, दुसऱ्याच्या पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. पीयू हाताला मऊ लागतं, म्हणून भाव खाऊन जातं. पण स्वस्तातल्या पीयूचा थर हवेतल्या दमटपणानं आतूनच तुटत जातो आणि कापडापासून सुटतो. वापरा, न वापरा, दमट हवा मिळाली की झालं. ठाण्यात, वसईत, अलिबागेत, कोकणपट्टीत कुठेही हे कमी-जास्त होणारच. पीव्हीसीचं असं होत नाही. ते उन्हानं आणि वयानं कडक होतं, मग घडीवर चिरतं, पण त्याला बरीच वर्षं लागतात. सुटलेल्या पोपड्यांवर उपाय नाही. ते रंगवायच्या बाटल्या मिळतात, मी आणली होती, पैसे गेले. खिडकीतलं ऊन थेट सीटवर येत नसेल तर पीव्हीसी घ्या. येत असेल तर सरळ जाड कापड घ्या आणि डागांची भीती असेल तर गडद घ्या.

(रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचं नाव, कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेल्या नकली चामड्याचं. माल गेला, नाव आपल्याकडे राहिलं. त्यामुळे दुकानात "रेक्झिन द्या" म्हटल्यावर नक्की काय हातात पडेल ते विचारूनच घ्यायचं.)

कोपरे सुटतात

तिसऱ्या, म्हणजे मी स्वतः केलेल्या कामाचा निकाल इथे लागला. फोमचा दोष होताच, पण त्याआधी कापड कोपऱ्यांतून निसटलं. उलटून बघितलं तर पिना गंजून तुटलेल्या आणि उरलेल्या अर्ध्याच आत गेलेल्या.

टॅकरच्या, म्हणजे कापड लाकडाला पिनांनी ठोकायच्या हत्याराच्या, सहा मिलिमीटरच्या पिना वहीला ठीक. कोपऱ्यात कापडाच्या तीन-चार घड्या येतात, त्यातच पीन संपते, प्लायपर्यंत पोचतच नाही. 12 मिलिमीटरच्या प्लायला 8 किंवा 10 ची पीन लागते. समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टीलच्या शोधा. पीन मारताना एक हात टॅकरच्या डोक्यावर दाबून ठेवा, नाहीतर तो उसळतो आणि पीन उभी राहते. उभी राहिलेली लगेच हातोडीनं बसवा. जुन्या पिना मात्र सगळ्या काढायच्या. चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं उचकायच्या, पकडीनं ओढायच्या, आणि डोळ्यांवर चष्मा हवा. एक उडालेली पीन माझ्या भुवईला लागली होती. एका सीटमधून मला 143 पिना मिळाल्या, तीन पिढ्यांच्या. जुन्या कापडावर नवं चढवायचा मोह इथेच होतो. करू नका. प्रत्येक थर सीट जाड करतो, मग ती चौकटीत मावत नाही, मग ठोकाठोक, मग सांधा उकलतो. कापड लावल्यावर सीट आणि चौकट यांच्यात सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर फट राहिली पाहिजे. कापड जाड घेतलंत तर प्लायची कड तेवढी घासून घ्या.

कापड कापायचं माप सोपं आहे. 18 इंचांची सीट, दोन्ही बाजूंना फोमची जाडी म्हणून अडीच-अडीच, खाली दुमडायला दीड-दीड, असे 26 इंच. सोफ्याचं कापड 54 इंच पन्ह्याचं मिळतं, त्यात दोन तुकडे बसतात. सहा सीटना दोन मीटर म्हणजे अगदी काठावर, सव्वादोन घ्या. पट्ट्यापट्ट्यांचं किंवा मोठ्या फुलांचं असेल तर नक्षी जुळवायला आणखी लागेल.

फोम प्लायला चिकटवायला पिवळं रबरी सोल्युशन वापरतात. दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मगच टेकवायचं. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद, त्याची वाफ पेट घेते. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत सोल्युशनवर पांढुरकी साय धरते आणि फोम नंतर सुटतो.

कापड उलटं पसरून त्यावर सीट पालथी ठेवा. पुढच्या बाजूला मधोमध एक पीन, मागे मधोमध एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. चारच. आता सीट उलटून बघा, धागे सरळ आहेत का. मग मधून कोपऱ्यांकडे सरकत जा, एकदा पुढे, एकदा मागे, आणि कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडे थांबा. एक बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे गेलात तर कापड तिरकं ओढलं जातं. माझ्या पहिल्या सीटवरच्या रेघा अजून घसरगुंडीसारख्या दिसतात.

कोपरा सगळ्यात शेवटी. कापडाचं टोक तिरपं, सीटच्या मध्याच्या दिशेनं ओढून एक पीन मारा. दोन्ही बाजूंना कापडाचे कान उभे राहतील. आतलं जादा कापड कात्रीनं त्रिकोणी कापून टाका, पण पिनेपासून अर्धा इंच अंतर ठेवून. आता पुढच्या बाजूचा कान दुमडून बाजूकडे वळवा, चुणी बरोबर कोपऱ्याच्या कडेवर आली पाहिजे, म्हणजे समोरून दिसत नाही. साडीच्या निऱ्या चापूनचोपून घालतात तसा अंगठा फिरवा आणि दोन पिना मारा. ज्यांना हे पहिल्या सीटला जमेल त्यांना माझा नमस्कार. मला चौथ्या सीटला जमलं. रेक्झिन असेल तर आधी दहा मिनिटं उन्हात ठेवा, नरम पडतं आणि कोपऱ्यात वळतं.

खाली काळं पातळ कापड पुन्हा लावा, पण तिथे प्लास्टिक लावू नका, भोकं बुजतात.

शेवटी स्क्रू. जुन्या भोकात स्क्रू नुसताच फिरत असेल तर लोक लांब स्क्रू घालतात. आमच्याकडे दारावरच्या कारागिरानं तेच केलं होतं. स्क्रू प्लाय ओलांडून फोममध्ये शिरला होता. घरात बारसं होतं, मामा त्या खुर्चीवर टेकले आणि ज्या वेगानं उठले तो वेग त्यांच्या वयाला शोभणारा नव्हता. लांब स्क्रू नको. भोकात फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या दोन-तीन काड्या गुल काढून ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि जुनाच स्क्रू घाला.

सहापैकी चार झाल्या. दोन अजून घमेल्यासारख्याच आहेत, मरीन प्लायचा तुकडा मिळायचाय. तोवर त्या आम्ही पाण्याच्या जगाच्या बाजूलाच ठेवल्यात, आणि जगच पलीकडे सरकवलाय. सासूबाई रोज जेवायला बसण्याआधी खुर्ची किंचित तिरकी करून खालचा नंबर बघतात.